मेहुण्यांना निरुत्तर करताना

१ सप्टेंबर, शनिवार

मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, मनातलं लिहीत जा, मोकळं वाटेल. मनात काही नाही. तरी लिहायला घेतो, म्हणजे तिला लिहितो असं सांगता येईल.

प्रकृती उत्तम. झोप ठीक. सोफ्यावर झोपतो, कमरेला बरं पडतं. ही गेल्यापासून कपाट आवरायचं राहिलंय. किल्ली कपाटालाच आहे, पण वेळ होत नाही.

संकल्प: यापुढे चुकीचं बोलणाऱ्याला जागच्या जागी दुरुस्त करायचं. लोक वाट्टेल ते बोलतात. चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात म्हणे. (म्हणजे मी वाईट, हे कोणाच्या लक्षात येत नाही.) हॉस्पिटलमधले डॉक्टर तर म्हणाले, आता सगळं वरच्याच्या हातात. मी विचारलं, वर म्हणजे कितव्या मजल्यावर? डॉक्टर निघून गेले. प्रश्न योग्य होता.

संध्याकाळी मेहुणे आले. हिचे थोरले भाऊ. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवण्यात जन्म गेला, आता रिटायर. लग्न केलं नाही. दर शनिवारी माझ्याकडे येतात, दर रविवारी प्रार्थनाघरात जातात. पक्के श्रद्धाळू. सुरुवात त्यांच्यापासूनच केली. म्हटलं, देव सगळं करू शकतो ना? मग हिच्या बाबतीत काय झालं? एक तर त्याला जमलं नाही, नाहीतर त्याने केलं नाही. तिसरा पर्याय सांगा.

मेहुण्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, मला नाही सांगता येत.

मी १, मेहुणे ०.

२ सप्टेंबर, रविवार

मुलीचा फोन. मामाशी वाद का घालता म्हणाली. कारणं लिहून ठेवतो, पुढच्या वेळी वाचून दाखवता येतील.

एक, सत्य. दोन, समाजाचं हित. लोक प्रार्थनेच्या भरवशावर औषधं सोडतात. (हिने सोडली नव्हती. वेळच्या वेळी घ्यायची. पण तत्त्व म्हणून.) तीन, मेहुण्यांचं स्वतःचं हित. उतारवयात माणसाने भ्रमात राहू नये.

चौथंही एक कारण आहे असं वाटतंय, पण आठवेना. जागा सोडून ठेवली आहे.

दुपारी झोपलो. उठलो तेव्हा अंधार पडला होता. विश्रांती आवश्यकच होती.

५ सप्टेंबर, बुधवार

लॅब. आमच्याकडे दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतात. मेणात दात बसवणं माझं काम. शेजारच्या टेबलावर प्लास्टरबाई. तोंडाच्या मापात प्लास्टर ओतून साचे काढते म्हणून हे नाव, ते तिला माहीत नाही. हात स्वच्छ, जीभ नाही.

तिला मुद्दे ऐकवले. ती साचा ठोकत ठोकत म्हणाली, अहो, देव नाहीच ना तुमच्या मते? मग जो नाहीच त्याच्याशी एवढं कचाकचा काय भांडता? मी भुतं मानत नाही, पण म्हणून मी काय रोज भुतांच्या नावाने बोटं मोडत बसते?

म्हटलं, भुतांच्या नावाने इमारती नाहीत, वर्गण्या नाहीत, कायदे नाहीत. मी देवाशी भांडत नाही. मी भांडतो ते मानणाऱ्यांशी.

ती म्हणाली, हो, पण त्यांतल्या एकाशीच.

उत्तर तयार होतं, पण तेवढ्यात ग्राइंडर सुरू केला तिने.

८ सप्टेंबर, शनिवार

दुसरी फेरी. विषय: प्रार्थना. म्हटलं, तुम्ही मागता आणि मिळालं तर देवाने दिलं. नाही मिळालं तर देवाची इच्छा. असा धंदा मलाही चालेल. नाणं उडवायचं, छापा आला तर मी जिंकलो, काटा आला तर तुम्ही हरलात.

मेहुणे हसले. हसताना खालची कवळी निसटली, हाताने सावरली. जुनी झालीय, मधोमध तडा. वाद तिथेच थांबवला, दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावर वार करत नाही. म्हटलं, नवी करून देतो, माझ्या हातची. फार संकोचले. नको नको म्हणाले. मी ऐकलं नाही.

मेहुण्यांची वाद घालायची पद्धत मला अजिबात पसंत नाही. शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसल्यासारखे बसतात. समोरच्याला हवं तिकडे जाऊ देतात, पाय मात्र ब्रेकवर. बसून बसून म्हणतात, असेल बुवा. याला काय युक्तिवाद म्हणायचं?

मी २, मेहुणे ०.

१२ सप्टेंबर, बुधवार

लॅबशेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे मेहुण्यांच्या जबड्याचं माप घेतलं. खुर्चीत मेहुणे, तोंडात साचा, साच्यात गुलाबी लगदा. लगदा घट्ट होईपर्यंत हलायचं नसतं. वेळ फुकट घालवणं मला जमत नाही, म्हणून तोवर नीतीचा मुद्दा मांडला. देव नसता तर माणूस चोऱ्या करत सुटला असता काय? तुम्ही केल्या असत्यात काय?

मेहुणे काहीतरी म्हणायला गेले. डॉक्टरीणबाई ओरडल्या, बोलू नका. म्हटलं, बघा, बोलले ते. मी विचारलं फक्त.

माप ठीक आलं. प्लास्टरबाईचं मत वेगळं. एका बाजूला हललंय म्हणाली, पुन्हा घ्या. तिला जरा ज्ञान पाजळायची सवय आहे. म्हटलं, मेणात सांभाळून घेईन.

१५ सप्टेंबर, शनिवार

आज मुळावरच घाव घातला. विचारलं, दर रविवारी जाऊन करता काय नेमकं? मेहुणे म्हणाले, शेवटी ज्यांचं कोणी गेलंय ते एकेक करून उभे राहतात. नुसतं नाव घेतात. मी हिचं घेतो.

आणि मग?

मग काही नाही. बसतो खाली.

म्हटलं, ऐकतं कोण? हवेत सोडलेला आवाज भिंतीपर्यंत जातो आणि विरतो. हे भौतिकशास्त्र आहे. ते म्हणाले, असेल बुवा. पण मोठ्याने घेतलेलं बरं वाटतं. घरात कोणासमोर घेणार? मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्हीही घेत नाही.

मी विषय बदलला. मुद्दा विषयांतराचा होता. नाव घेऊन काय होतं? माणूस काय येतो का? ‘ही’ म्हटलं की कळतं सगळ्यांना. लग्न झाल्यापासून तसंच म्हणतो.

फेरी बरोबरीत. खरं तर माझी, पण मोठेपणाने सोडली.

१९ सप्टेंबर, बुधवार

कवळी तयार. पॉलिश असं की स्वतःचं तोंड दिसावं. दात बसवताना डोक्यात पुढच्या शनिवारचे मुद्दे चालू होते, तरी हात चुकत नाही. अनुभव.

मेहुण्यांना बसवून दिली. छान आहे, म्हणाले. ‘स’ जरा ‘थ’सारखा निघाला. सवय होईल म्हटलं. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. भारावले असावेत.

२२ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस विसरणार नाही.

सगळे मुद्दे एका दमात मांडले. जगात इतके धर्म, प्रत्येकाला आपला खरा वाटतो, तुम्ही पलीकडच्या गल्लीत जन्मला असता तर तिथला खरा वाटला असता. दुःखाचा मुद्दा. पुराव्याचा मुद्दा. मेहुणे एक अक्षर बोलले नाहीत. दातखीळ बसावी तसे बसून राहिले. चहालाही हात लावला नाही. गालावर हात ठेवून नुसती मान हलवत होते. ‘असेल बुवा’सुद्धा नाही!

इतकी वर्षं या माणसाच्या तोंडून ‘असेल बुवा’ ऐकलंय. आज तेही संपलं. पूर्ण निरुत्तर.

जाताना माझा हात धरून उभे राहिले. काहीतरी सांगायचं होतं, पण शब्द फुटेना. समजू शकतो. पायाखालची जमीन सरकली की असंच होतं.

२३ सप्टेंबर, रविवार

काल जिंकलो, त्याचा आनंद आज होईल असं वाटलं होतं. कदाचित उद्या.

उभ्या उभ्या पाव खाल्ला. टीव्ही लावला, आवाज बंद ठेवून. लोक तोंडं हलवत होते. बराच वेळ बघितलं.

२६ सप्टेंबर, बुधवार

प्लास्टरबाईला विजयाची हकीकत सांगितली. तिने टाळ्या वाजवणं अपेक्षित नव्हतंच. पण ती म्हणाली, चहापण नाही घेतला? गालावर हात होता? कोणत्या बाजूच्या?

म्हटलं, तपशिलात शिरू नकोस, मूळ मुद्दा बघ.

ती साच्यांच्या फळीकडे गेली, मेहुण्यांच्या जबड्याचा साचा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. टेबलावर गर्दी होते म्हणून ड्रॉवरमध्ये टाकला.

२९ सप्टेंबर, शनिवार

मेहुणे आले, पण दारातूनच परतले. तोंडासमोर रुमाल. मी विचारलं, गेल्या रविवारी गेला होतात? त्यांनी मान हलवली. नाही. म्हटलं, आणि उद्या? पुन्हा नाही. मग फार कष्टाने तीन शब्द म्हणाले: तुमचं बरोबर आहे.

म्हणजे सर्वस्वी मान्य! पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर माणूस बदलू शकतो. माझ्यामुळे.

खिडकीतून बघितलं. फाटकाशी थांबून भिंतीला हात टेकला होता त्यांनी. भ्रम सुटला की माणूस थकतो.

संध्याकाळी मुलीचा फोन. आवाज चढलेला. मामा फोन उचलत नाही. प्रार्थनाघरातल्या बाईंनी तिला फोन केला, तुझे मामा आले नाहीत, बरे आहेत ना म्हणून. बाबा, काय केलंत तुम्ही? त्याच्याजवळ दुसरं काय होतं?

मी पहिलं कारण वाचायला घेतलं. ती म्हणाली, तुमचं सत्य तुमच्याजवळ ठेवा. आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी आईबद्दल एक वाक्य बोलला नाहीत. फोन केला की देव, देव, देव. मानणारे घेत नसतील इतकं नाव घेता त्याचं.

म्हटलं, हा विषय वेगळा आहे.

रडत होती बहुतेक. फोन ठेवला तिने. कान गरम झाला होता, फोनने. जुना आहे.

३० सप्टेंबर, रविवार

सकाळी निर्णय घेतला. मेहुण्यांना त्यांचा देव परत करायचा. मुलीसाठी. तत्त्वाशी तडजोड नाही, ही तात्पुरती व्यवस्था.

त्यांच्या घरी गेलो. एक खोली, खिडकीत खुर्ची, भिंतीवर शिकाऊ ड्रायव्हरांसाठीचा रस्त्यावरच्या खुणांचा जुना तक्ता. खुर्चीत बसले होते, गालाला गरम पाण्याची पिशवी. मी सुरुवात केली. म्हटलं, हे बघा, विश्व आपोआप झालं असं छातीठोक कोण सांगणार? मेहुण्यांनी मान हलवली. नाही. म्हटलं, बरं, फूल बघा, फुलाची रचना बघा. मान हलवली. मग म्हटलं, एवढी माणसं हजारो वर्षं मानतात, ती सगळी काय मूर्ख? मान हलवली. हे सगळे मुद्दे मीच त्यांच्यासमोर खोडून काढले होते, आणि इतके पक्के काढले होते की आता मला स्वतःला जोडता येईनात. आयुष्यात पहिल्यांदा देवाची बाजू घेतली आणि तीही हरत होतो. शेवटी ओरडलोच. म्हटलं, अहो, माना ना! काय बिघडतं तुमचं मानायला!

मेहुण्यांनी बोट वर केलं. थांबा. तोंडात हात घालून खालची कवळी काढली, बशीत ठेवली, आणि खिडकीकडे तोंड करून आ वासला.

जिभेखाली, डाव्या बाजूला, कवळीची कड घुसून हिरडी फाटली होती. पांढरी पडलेली जखम, भोवती लाल. मी या धंद्यात केस पांढरे केले. इतकी वाईट जखम क्वचित बघितली.

बिनदातांचं बोलणं कळायला वेळ लागला. ते म्हणाले, देवाचं काही नाही हो. तो आहे तिथे आहे. बोलता येत नाही. तेविसाव्या तारखेला प्रार्थनाघराच्या दारापर्यंत गेलो होतो. बाहेरच तिचं नाव म्हणून बघितलं. भलतंच काहीतरी निघालं. तिचं नाव असं चुकीचं कसं घ्यायचं चारचौघांत? परत फिरलो.

म्हटलं, मला सांगायचं नाही का?

म्हणाले, एवढ्या मायेने केलीत. आणि तुम्ही बोलत होतात. ती गेल्यापासून शनिवारी तेवढंच बोलता. गाडी चालली होती. म्हटलं, मध्ये ब्रेक कशाला दाबा.

मी बशीतली कवळी रुमालात गुंडाळली. पॉलिश खरोखर चांगलं होतं.

१ ऑक्टोबर, सोमवार

लॅबमध्ये ड्रॉवरमधला साचा काढून कवळी त्यावर ठेवली. डावी कड जिभेखाली नको तेवढी खोल. पुढचे दात आत, जिभेला जागाच नाही. माप घेताना हललं होतं, ते मी मेणात सांभाळून घेणार होतो. घेतलं नाही.

प्लास्टरबाई म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. तिने न म्हणणं जास्त लागतं.

दोष कोणाचा याचा शांतपणे विचार केला. माप घेताना बोलले मेहुणे. विचारलं मी. निम्मा-निम्मा. संध्याकाळपर्यंत त्यांचा वाटा थोडा कमी केला.

हिरडी भरून येईपर्यंत नवं माप घेता येणार नाही. जुनी कवळी त्यांनी टाकून दिली. मेहुण्यांचा निरोप आला, मुलीकडून: मला जमेपर्यंत रविवारी तिचं नाव तुम्ही घ्याल का?

६ ऑक्टोबर, शनिवार

जायचं ठरवलं आहे. निरीक्षक म्हणून. नाव घेईन, आणि लगेच एक छोटं निवेदन करीन, की हे नाव कुठेही पोचत नाही हे माहीत असूनही केवळ एका वृद्ध नातेवाइकाच्या सोयीसाठी ते घेतलं आहे. निवेदन तयार केलं. मुद्देसूद. आरशासमोर म्हणून बघितलं. निवेदन चांगलं जमलं. नावाचा सराव केला नाही. एक शब्द तर आहे.

७ ऑक्टोबर, रविवार, दुपार

झालं ते लिहितो.

प्रार्थनाघर म्हणजे एक लांबट हॉल. भिंतींना पोपडे. खुर्च्या इतक्या वाकड्या लावलेल्या की रांग कुठे सुरू होते कळेना. मेहुणे माझ्या शेजारी, तोंडाला रुमाल. माणसं बेताची. कोणीही मला काही पटवून द्यायला आलं नाही. त्यामुळे जरा गैरसोय झाली.

शेवटी लोक उभे राहू लागले. एका म्हाताऱ्याने एक नाव घेतलं, बसला. एका तरुण बाईने एक घेतलं, अगदी छोट्या बाळाचं असावं. बसली. मेहुण्यांनी माझ्या कोपराला हात लावला. उभा राहिलो.

नाव आठवत होतं. अर्थातच आठवत होतं. तोंड उघडलं होतं. जीभ जागेवर होती, दात माझे स्वतःचे आहेत. आवाज आला नाही. घसा खाकरला, पुन्हा उघडलं. नाही. सगळे वाट बघत होते. घाई कोणालाच नव्हती, हीच त्या जागेची अडचण आहे.

मग शेजारी मेहुणे उठले. रुमाल खिशात घातला आणि बिनदातांच्या तोंडाने तिचं नाव घेतलं. पार चेचलेलं, निम्मी अक्षरं हवेत. कोणी हसलं नाही. सगळ्यांना कळलं.

त्यांनी माझा शर्ट खाली ओढला, तेव्हा मी बसलो. निवेदन राहून गेलं.

नंतर बराच वेळ नाक वाहत होतं. तिथलं कार्पेट जुनं आहे, धूळ फार.

१३ ऑक्टोबर, शनिवार

मेहुण्यांची हिरडी भरून येतेय. ते आले, आम्ही बसलो. वाद झाला नाही. मी एक मुद्दा काढणार होतो, पण आधी त्यांना पुन्हा चहा ओतला आणि मुद्दा निसटला.

संध्याकाळी मुलीचा फोन. मामा सांगत होता तुम्ही उद्याही जाणार आहात, म्हणाली. म्हटलं, हो. तिथल्या बाईंना खुर्च्या लावायला माणूस हवाय, मी लवकर येतो म्हणून सांगितलंय. ती म्हणाली, म्हणजे आता मानता का तुम्ही? म्हटलं, छे. काहीच नाही तिथे. मग का जाता, म्हणाली. म्हटलं, खुर्च्या वाकड्या असतात.

ती हसली. बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाली, बाबा, आईचं नाव नाहीच घेता आलं तुम्हाला?

म्हटलं, नाही.

म्हणाली, आत्ता घ्या. मी एकटीच आहे इथे. ऐकते.

रेंज जातेय असं सांगून फोन ठेवला.

रेंज होती.